वायफायचं ‘5जी’ आतल्या खोलीत का दम तोडतं?

फोनमध्ये वायफाय चालू केलं की बऱ्याच घरांत एकाच राउटरची दोन नावं दिसतात. एक साधं, दुसऱ्याच्या शेवटी ‘5जी’. आपण डोळे झाकून 5जीवर बोट ठेवतो. हॉलमध्ये व्हिडिओ सुसाट पळतो, पण आतल्या खोलीत गेलं की गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. माझ्या बहिणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत अशीच आतल्या खोलीत तीनदा तुटली. मी लगेच रेंज वाढवणारं यंत्र विकत आणलं. नंतर कळलं, दुसरं नाव निवडलं असतं तरी भागलं असतं!

आधी एक गैरसमज दूर करू. मोबाइलच्या 5जीचा अर्थ पाचवी पिढी. वायफायच्या नावातला 5 म्हणजे 5 गिगाहर्ट्झ, आणि साध्या नावाचं वायफाय चालतं 2.4 गिगाहर्ट्झवर. खरी गोम या दोन आकड्यांत आहे.

विहिरीत दगड टाकला की तरंग काठापर्यंत येतात. पण पाण्यावर पडलेलं पान बघा, ते जागच्या जागी वरखाली होतं. म्हणजे पुढे जाते ती ऊर्जा. पाणी तिथेच राहतं. पान सेकंदाला किती वेळा वरखाली झालं ती वारंवारिता, हर्ट्झमध्ये मोजतात. लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार केला की लहरीचा वेग मिळतो.

वायफायच्या रेडिओ लहरींना पाणी, हवा असं काहीच माध्यम लागत नाही. हवेतही त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर असतो. वेग ठरलेला, म्हणजे वारंवारिता वाढली की तरंगलांबी घटणारच. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण 12.5 सेंटीमीटर लांब, 5 गिगाहर्ट्झची फक्त 6. आणि आकाशवाणी पुणे केंद्राची 792 किलोहर्ट्झची लहर? तब्बल 380 मीटरच्या आसपास!

आता अडथळ्यांचं बघू. दाराआडून आईची हाक ऐकू येते, पण आई दिसत नाही. कारण बोलण्याच्या आवाजाची लहर मीटरभराच्या घरातली, ती कडेवरून सहज वळते. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, ती जवळपास सरळच जाते. तोच न्याय वायफायला. 6 सेंटीमीटरची लहर कमी वळते, शिवाय विटा-काँक्रीटच्या भिंतीत जास्त शोषली जाते.

मग 5 गिगाहर्ट्झ हवंच कशाला? तिथे रस्ता रुंद आहे आणि गर्दी कमी, त्यामुळे वेग जास्त. 2.4 वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, झालंच तर मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा! ओव्हन साधारण 2.45 गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याच्या दाराला बारीक भोकांची जाळी असते ना? 12 सेंटीमीटरची लहर त्या भोकांतून बाहेर पडू शकत नाही, प्रकाश मात्र आरपार जातो. म्हणून आतलं पॉपकॉर्न दिसतं. तरी थोडीशी गळती होतेच आणि ती राउटरच्या नाजूक सिग्नलला त्रास द्यायला पुरते.

अजून एक गंमत. राउटरकडून थेट आलेली लहर आणि कपाटावर आपटून परत आलेली लहर फोनपाशी भेटतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर सिग्नल वाढतो, उंचवट्यावर खळगा आला तर दोघी एकमेकींना मारतात. 2.4 वर अशा चांगल्या आणि वाईट जागांत कधी कधी जेमतेम 3 सेंटीमीटरचं अंतर असतं. म्हणून कॉल अडखळला तर खोली बदलण्याआधी फोन वीतभर सरकवून बघा.

राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या आड ठेवू नका, धातू लहरी परतवून लावतो. आमचा आता पॅसेजमधल्या उंच फळीवर आहे. बहीण आतल्या खोलीत 2.4 वापरते, मी हॉलमध्ये 5. ते यंत्र डब्यात पडून आहे, कुणाला हवंय का?