निरोपाचा भाग आणि प्रेक्षकांचा शेवट : ‘डोरेमॉन’ मालिकेच्या ‘अंतिम भागा’च्या दंतकथांचा विचार

सारांश

‘डोरेमॉन’ ही जपानी विनोदी विज्ञानकथामालिका २००५ मध्ये हंगामा वाहिनीवरून हिंदी रूपात भारतीय बालप्रेक्षकांपर्यंत पोहोचली. या मालिकेतील निरोपाचा भाग आणि त्यातून निर्माण झालेल्या ‘अंतिम भागा’च्या दंतकथा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रेक्षक शेवट नाकारत नाही. कथेने आरंभी दिलेला शब्द शेवटाने पाळावा, एवढीच त्याची मागणी असते, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील बहुभाषिक वर्गात या सामग्रीचा उपयोग कसा होऊ शकेल, याचाही अखेरीस विचार केला आहे.

प्रस्तावना

कार्टून पाहणारे मूल हे निष्क्रिय प्रेक्षक असते, अशी समजूत सुशिक्षित समाजात रुजलेली आहे. त्यामुळे या मालिकांविषयीची चर्चा बहुधा दुष्परिणाम आणि बंदी यांभोवतीच फिरते. ‘शिनचॅन’ या मालिकेच्या प्रसारणावर भारतात २००८ मध्ये बंदी आली होती. बांगलादेशाने २०१३ मध्ये ‘डोरेमॉन’चे प्रसारण थांबवले. मालिकेतील हिंदीमुळे मुलांच्या बांगला भाषेवर परिणाम होतो, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. ही चिंता अस्थानी म्हणता येत नाही. तथापि, तिच्या भरात एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. पाहिलेल्या कथेचे मूल पुढे काय करते, हा तो प्रश्न होय. ‘डोरेमॉन’च्या निरोपाच्या भागाला मिळालेल्या प्रतिसादात त्याचे उत्तर सापडते.

निरोपाच्या भागाची जडणघडण

‘फुजिको एफ. फुजिओ’ या नावाने ओळखले जाणारे हिरोशी फुजिमोतो (१९३३-१९९६) यांनी ही चित्रकथा लिहिली. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार बालमासिकांतून जानेवारी १९७०च्या अंकांपासून ती प्रसिद्ध होऊ लागली. हे अंक डिसेंबर १९६९ मध्येच वाचकांच्या हाती आले होते. बाविसाव्या शतकातून आलेला निळा यंत्रमांजर आणि अभ्यासात, खेळात व धीटपणात मागे पडणारा नोबिता, ही तिची मध्यवर्ती जोडी. डोरेमॉन आपल्या पोटावरच्या खिशातून एकेक अद्भुत साधन काढतो, नोबिता त्याचा गैरवापर करतो आणि त्याची फजिती होते. बहुतेक भागांचा विनोद या सूत्रावर उभा आहे.

मार्च १९७४ मध्ये तिसरीच्या मुलांसाठीच्या मासिकात ‘सायोनारा डोरेमॉन’ ही कथा आली. तिच्यात डोरेमॉनला भविष्यकाळात परतावे लागते. आपल्यामागे त्याला काळजी राहू नये म्हणून नोबिता कोणत्याही साधनाशिवाय, एकट्याने जियानशी झुंजतो. मार खाऊनही तो माघार घेत नाही आणि शेवटी जियानच हात टेकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोरेमॉन निघून गेलेला असतो.

जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे हा निरोप वाचलेली मुले पुढच्याच महिन्यात चौथीत गेली आणि चौथीच्या मासिकाच्या एप्रिल अंकात त्यांना डोरेमॉनच्या पुनरागमनाची कथा मिळाली. डोरेमॉन परत आल्याची थाप मारून मित्र नोबिताला एप्रिल फूल करतात. डोरेमॉनने मागे ठेवलेले एक पेय नोबिता पितो. ते प्यायल्यावर जे बोलावे ते खोटे ठरते. डोरेमॉन आता कधीच येणार नाही, असे तो खिन्नपणे म्हणतो; तेही खोटे ठरते आणि डोरेमॉन परत येतो. पुस्तकरूपात सहावा खंड निरोपाने संपतो, तर सातवा पुनरागमनाने सुरू होतो. याच दोन कथांवर आधारलेला लघुपट १९९८ मध्ये निघाला आणि २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटाचा शेवटही त्यांवरच रचला गेला. त्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ‘डोरानाकी’ असा शब्द घडवण्यात आला. डोरेमॉनमुळे येणारे रडू, असा त्याचा अर्थ. प्रेक्षकाचे रडणे गृहीत धरूनच जाहिरात केली गेली, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

प्रेक्षकांनी रचलेले दोन शेवट

फुजिमोतो यांचे १९९६ मध्ये निधन झाले, परंतु संपूर्ण मालिकेचा सर्वमान्य शेवट त्यांच्या हातून लिहिला गेला नाही. दूरचित्रवाणीवर तर भाग क्रमाशिवाय, पुन्हा पुन्हा दाखवले जातात. त्यामुळे प्रेक्षकाच्या अनुभवात शेवट येतच नाही. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरून काढतो, असे जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांचे प्रतिपादन आहे. येथील रिकामी जागा प्रेक्षकांनी मुख्यतः दोन प्रकारे भरली.

पहिला प्रकार अफवेचा. नोबिता वस्तुतः रुग्णालयात बेशुद्धावस्थेत पडून असून सारी मालिका हे त्याचे स्वप्न आहे, अशी कथा जपानमध्ये १९८०च्या दशकात पसरली. तिला अधिकृत आधार नव्हता. पुढे ती देशोदेशी गेली आणि भारतातही ‘डोरेमॉनचा खरा शेवटचा भाग’ म्हणून सांगितली जाऊ लागली.

दुसरा प्रकार रचनेचा. एका जपानी चाहत्याने १९९८ मध्ये लिहिलेल्या कथेत डोरेमॉनची विजेरी संपते. ती बदलली तर त्याच्या सर्व आठवणी पुसल्या जाणार असतात. कारण आठवणींची राखीव साठवण कानांत असते आणि त्याचे कान तर उंदरांनी केव्हाच कुरतडले आहेत. नोबिता त्या दिवसापासून अभ्यासाला लागतो, मोठेपणी यंत्रमानवशास्त्रज्ञ होतो आणि आठवणी शाबूत ठेवून मित्राला जागे करतो. या कथेवरून २००५ मध्ये दुसऱ्या एका चाहत्याने काढलेल्या चित्रपुस्तिकेच्या सुमारे १३,००० प्रती खपल्या. हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर २००७ मध्ये त्याने माफी मागून उत्पन्नाचा काही भाग भरला. कायद्याच्या दृष्टीने हा हक्कभंग होता, परंतु आस्वादाच्या दृष्टीने तो मूळ कथेवरचा अभिप्रायही होता.

हे दोन्ही शेवट दुःखाला सामोरे जातात. तरीही त्यांची जात वेगळी आहे. अफवा मालिकेतील प्रत्येक प्रसंग रद्द करते. नोबिताची जियानशी झालेली झुंजही त्यात स्वप्नवत ठरते. चाहत्याची कथा मात्र त्या झुंजीचा पुढचा टप्पा आहे. साधनांवर विसंबणारा मुलगा स्वतःच साधन घडवणारा होतो. नोबिताचे भविष्य बदलावे यासाठीच त्याच्या वंशजाने डोरेमॉनला पाठवलेले असते. पहिल्याच कथेत दिलेला हा शब्द चाहत्याने रचलेला शेवट पाळतो. अफवा धक्का देऊन कुतूहल चाळवते. चाहत्याची कथा वाचकाचे समाधान करते, ते या कारणामुळे.

भारतीय परंपरेतील आधार

शेवट बदलणारा वाचक ही आधुनिक माध्यमांची निर्मिती नव्हे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सीता भूमीत सामावते. आठव्या शतकातील भवभूतीने ‘उत्तररामचरित’ नाटकात राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवले. हा बदल वरवरचा नाही. रामाचा शोक दाखवून, त्याला पश्चात्तापातून नेऊन मगच भवभूती हे मीलन घडवतो. मूळ कथेतील दांपत्यप्रेमाचा शब्द त्याला पाळावासा वाटला. मराठी व्रतकहाण्यांची ‘सुफळ संपूर्ण’ होण्याची रीतही याच अपेक्षेतून आली आहे. नियम मोडला म्हणून गेलेले वैभव केलेल्या आचरणातूनच परत यावे लागते. आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ हा असा, कथेचा धर्म ओळखणारा वाचक होय. विजेरीची कथा लिहिणारा तरुण या अर्थाने सहृदयच ठरतो.

तारापूर परिसरातील वाचन

याच चाहत्याच्या कथेतील एक तपशील तारापूरच्या वाचकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील परिचयचित्रांनुसार डोरेमॉनच्या पोटात अणुभट्टी आहे आणि खाल्लेल्या अन्नापासून ती ऊर्जा तयार करते. म्हणजे विजेरी संपण्याची कल्पना मूळ संहितेशी विसंगत आहे. तरीही ती वाचकांनी स्वीकारली, कारण संपणारी, बदलावी लागणारी वस्तू म्हणून मुलांच्या परिचयाची असते ती विजेरी.

अणुभट्टीची मूळ कल्पना मात्र तिच्या काळाची खूण आहे. तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत डोरेमॉन छापून आला. अणुशक्ती घरातल्या मित्राइतकी सौम्य आणि न संपणारी असेल, हा विश्वास त्या दशकात जपानइतकाच भारतातही होता. मार्च २०११ मधील फुकुशिमाच्या अपघातानंतर ती कल्पना तितक्या निरागसपणे वाचता येत नाही. केंद्राच्या विस्तारासाठी विस्थापित झालेल्या अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांतील विद्यार्थी ती वेगळ्या तऱ्हेने वाचेल आणि केंद्राच्या वसाहतीतील विद्यार्थी आणखी वेगळ्या तऱ्हेने. वाचकाची ‘अपेक्षांची क्षितिजे’ ही समीक्षेतील संज्ञा शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरा मुद्दा भाषेचा. वारली, मांगेली, वाडवळी, मराठी आणि गुजराती या स्थानिक बोली-भाषांबरोबर औद्योगिक वसाहतीमुळे भोजपुरी, उडिया आणि इतर भाषा बोलणारी कुटुंबेही बोईसर परिसरात स्थिरावली आहेत. अशा वर्गात ‘डोरेमॉन’ ही अनेकांची समान कथा असू शकते आणि ती हिंदीतून आलेली असते. बांगलादेशाने या परिस्थितीवर बंदीचा उपाय केला. महाविद्यालयात दुसरा मार्ग मोकळा आहे. निरोपाचा भाग सर्वांनी पाहावा आणि त्याचा शेवट प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत लिहावा. त्यानंतर कोणता शेवट कथेचा शब्द पाळतो आणि कोणता मोडतो, याची चर्चा मराठीतून व्हावी. त्याच तासाला बेशुद्धावस्थेच्या अफवेचा उगम तपासता येईल. प्रसारित झालेले आणि केवळ ऐकलेले यांत फरक करण्याची सवय संशोधनाची पहिली पायरी आहे आणि ती येथे विद्यार्थ्याच्या आवडीच्या विषयातून लागते.

निष्कर्ष

निरोपाच्या भागावरील प्रतिक्रियांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बालप्रेक्षक दुःखद प्रसंग टाळत नाही. त्या प्रसंगाला अर्थ असावा, अशी त्याची मागणी असते. दोन, चाहत्यांची रचना ही पुष्कळदा मूळ कथेची जाणती समीक्षा असते आणि भारतीय साहित्यपरंपरेत तिला आधार आहे. तीन, अफवा आणि रचना या एकाच कुतूहलातून जन्मतात. त्यांतील भेद ओळखायला शिकवणे हे अध्यापकाचे काम आहे. वर्गात येणारा विद्यार्थी कथा ऐकत आणि पाहतच मोठा झालेला असतो. त्या कथा क्षुल्लक मानून बाजूला सारल्या, तर त्याच्या विचारशक्तीचा एक तयार पुरावा अध्यापकाच्या हातून निसटतो.