सातासमुद्रांपलीकडची सहल

सहल म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. आम्ही शाळेत होतो तेव्हा दर वर्षी मुलांना गुऱ्हाळ दाखवायला नेत असू. ‘उसापासून गूळ होतो,’ हे वाक्य मुलांना पाठ होते. पण रस काहिलीत किती वेळ आटवायचा, भेंडीचे पाणी कशाला घालायचे, चुलवणाचा जाळ कधी कमी करायचा, हे पुस्तकात नव्हते. ते गुळव्याला ठाऊक होते. मुले त्याला विचारून विचारून भंडावून सोडीत. तो न कंटाळता सांगे. त्या गुळव्याला सही येत नव्हती. पण त्या दिवसापुरता तोच मास्तर आणि आम्ही सगळे त्याचे विद्यार्थी!

आज अशाच एका सहलीविषयी सांगायचे आहे. फरक एवढाच, की ही सहल सातासमुद्रांपलीकडून येते.

ही सहल कसली?

परदेशातल्या कॉलेजांत धंदा-व्यापार हासुद्धा शिकण्याचा विषय आहे. भांडवल कसे उभारावे, माल कसा खपवावा, हिशेब कसा ठेवावा, चार माणसांना बरोबर घेऊन काम कसे करावे, हे तिथे शिकवतात. असे शिकणाऱ्या मुलामुलींना मधून मधून दुसऱ्या देशात नेतात. तिथले कारखाने, बाजार, बँका पाहायच्या. माणसांशी बोलायचे. जे कळले ते वहीत टिपायचे. परत गेल्यावर त्यावर लिहून द्यायचे. ते गुरुजी तपासतात. याला अभ्यास-सहल म्हणतात.

काही सहलींचा विषय असा असतो : धंद्यात बायका पुढारपण कसे करतात?

तुम्ही म्हणाल, हे बघायला श्रीमंत देशातली मुले आपल्याकडे कशाला येतील? त्यांच्याकडे काय कमी आहे?

तर ऐका. अमेरिकेत हार्वर्ड नावाचे मोठे विद्यापीठ आहे. तिथल्या व्यापार शिकवण्याच्या शाळेत दोन वर्षांचा मुख्य अभ्यासक्रम आहे. त्याच्या पहिल्या वर्षात मुलींना सरळ प्रवेश मिळू लागला तो १९६३ साली. पहिल्या खेपेस मुली होत्या फक्त आठ! त्याच देशात बाई कर्ज मागायला गेली, की बँका म्हणत, ‘नवऱ्याची सही आणा.’ ते बंद करायला १९७४ साली कायदा करावा लागला. तरीही धंद्याच्या कर्जासाठी काही ठिकाणी घरातल्या पुरुषाची सही मागत. त्यासाठी १९८८ साली आणखी एक कायदा झाला.

म्हणजे बघा, दार तिकडेही बंद होते. म्हणून ती मुले विचारतात, ‘ज्यांनी दार उघडले, त्यांनी ते कसे उघडले?’ हे विचारायला आपल्या देशात पुष्कळ जागा आहेत. त्यांतल्या तीन आम्ही सांगतो.

ऐंशी रुपयांचा धंदा

पहिली जागा मुंबईतली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या. उसने आणलेले ऐंशी रुपये हे त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. तेच पुढे लिज्जत पापड झाले.

त्यांची रीत साधी आहे. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घरी न्यायचे. घरी पापड लाटायचे. दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर द्यायचे आणि मजुरी घ्यायची. पण खरी गोम पुढेच आहे. लाटणारी बाई इथे नोकर नाही, ती मालकीण आहे. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. आज अशा हजारो बहिणी आहेत.

रात्र जागून गिरवलेली सही

दुसरी जागा अहमदाबादची. तिथे हातगाडी ओढणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायकांची संघटना इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली उभारली. तिचे नाव ‘सेवा’. या बायकांना बँका दारात उभ्या करीत नसत. त्या म्हणाल्या, ‘मग आपलीच बँक काढू.’ चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये दिले आणि १९७४ साली बँक निघाली.

बँकेच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. सही कुणाला येत होती? तेव्हा पंधरा बायका रात्रभर जागल्या आणि आपापले नाव गिरवीत बसल्या. तुमच्यापैकी ज्यांनी पाटीवर पहिल्यांदा आपले नाव लिहिले असेल, त्यांना ती रात्र कशी गेली असेल ते आम्ही काय सांगावे?

म्हसवडची बँक

तिसरी जागा आपल्या सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातले म्हसवड. हा भाग दुष्काळी. तिथे चेतना सिन्हा नावाच्या बाई बायकांमध्ये काम करीत होत्या. मुंबईत वाढल्या आणि लग्न होऊन म्हसवडला आल्या. एक दिवस लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिचे बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला. ती म्हणाली, ‘मला पैसे साठवायचे आहेत. पण बँक माझे खाते उघडत नाही.’

चेतनाताईंनी विचारले, ‘कशासाठी साठवायचे?’

ती म्हणाली, ‘पाऊस सुरू व्हायच्या आत डोक्यावर घालायला कागद घ्यायचा आहे.’

कागद म्हणजे प्लॅस्टिकचा. तेवढ्यासाठी तिला बँक हवी होती. तिचे पैसे थोडे, म्हणून बँकेला तिची गरज नव्हती. चेतनाताईंनी ठरवले, बायकांसाठी बँक काढायची.

बँक काढायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. अर्ज केला. अर्ज परत आला. बँक काढणाऱ्या बायका अंगठेबहाद्दर आहेत, त्यांना परवाना कसा द्यायचा, असे उत्तर मिळाले. चेतनाताई रडतच घरी आल्या. बायका म्हणाल्या, ‘रडता कशाला? आम्ही लिहायला-वाचायला शिकू आणि पुन्हा अर्ज करू.’

मग रोजचा वर्ग सुरू झाला. दिवसभर काम करायचे आणि मग पाटी घेऊन बसायचे. पाच महिने गेले. पुन्हा अर्ज केला. या वेळी चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. पंधरा बायका बरोबर गेल्या. साहेबांपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा काही आमचा दोष नाही. पण आम्हांला हिशेब येतो. कोणतीही रक्कम सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्र न घेता करायला सांगा. बघू या कोण आधी सांगतो!’

परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मुले तिथे काय शिकतात?

या बँकेत परदेशी विद्यापीठांतली मुलेही येऊन राहतात, काम बघतात. तिथे पाहण्याजोगे पुष्कळ आहे. त्यांतल्या दोनच गोष्टी सांगतो.

पहिली अशी : बाजारात बसणारी बाई बँकेत गेली, तर तिचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. मग बँकेनेच उठून तिच्याकडे जायचे ठरवले. बँकेची माणसे तिच्या दारात, तिच्या दुकानाशी जाऊन पैसे गोळा करू लागली.

दुसरी गोष्ट आणखी नाजूक आहे. बायका पासबुक घरी न्यायला तयार होईनात. का? नवऱ्याने पासबुक बघितले, की पैसे मागणार! म्हणून पासबुकाऐवजी कार्ड दिले आणि त्याला गुप्त आकडा लावायचे ठरवले. बायका म्हणाल्या, ‘आकडा कुणीही चोरील. माझा अंगठा कोण चोरणार? अंगठ्याची खूण ठेवा.’

ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला, तोच अंगठा तिजोरीची किल्ली झाला! फरक कोणता? आधी अंगठा दुसऱ्याच्या कागदावर, न वाचता उमटत होता. आता तो स्वतःच्या पैशावर, समजून उमटू लागला.

आम्हांला वाटते, पुढारपण म्हणतात ते हेच. पुढारी म्हणजे खुर्चीवर बसणारा एवढाच अर्थ नाही. अडचण कुठे आहे ते जिला ठाऊक, आणि चौघींना बरोबर घेऊन जी ती दूर करते, ती पुढारी. २०१८ साली स्वित्झर्लंड देशात दावोस इथे जगातल्या बड्या व्यापाऱ्यांची आणि राज्यकर्त्यांची सभा भरली होती. तिच्या सह-अध्यक्षांमध्ये म्हसवडच्या चेतनाताई होत्या.

तुमच्यासाठी एक हिशेब

आता एक हिशेब करा. पाच हजार रुपये कर्ज काढायचे आहे. समजा, सावकार म्हणतो, ‘शेकडा तीन.’ बँक म्हणते, ‘शेकडा बारा.’ तीन लहान की बारा लहान? घाई करू नका! सावकाराचे तीन हे महिन्याचे आहेत. बँकेचे बारा हे वर्षाचे आहेत. सावकाराचे व्याज महिन्याला दीडशे, म्हणजे वर्षाला अठराशे रुपये. बँकेचे व्याज वर्षाला सहाशे. बाराशे रुपयांचा फरक पडला. तो एका शब्दात लपला होता : ‘महिन्याला’ की ‘वर्षाला’? तो शब्द वाचता यावा, म्हणून हे अक्षर शिकायचे.

आपलीही सहल

परदेशी मुले एवढा पैसा खर्चून आपल्याकडे शिकायला येतात. मग आपण तालुक्यापर्यंत जायला काय हरकत आहे? पाच-सहा बायकांनी मिळून एक दिवस ठरवा. एस.टी.ने तालुक्याच्या बँकेत जा. बरोबर वही-पेन्सिल घ्या. चार प्रश्न विचारा. खाते उघडायला काय काय लागते? बचतीवर व्याज किती? बचत गटाला कर्ज कसे मिळते? व्याज महिन्याचे सांगता की वर्षाचे? उत्तरे स्वतः लिहून घ्या. घरी आल्यावर ती मोठ्याने वाचून दाखवा.

आणि पुरुष मंडळींनो, तुम्हांलाही एक काम आहे. आज घरी गेल्यावर पासबुक बघा. त्यावर नाव कुणाचे आहे? ते कुणाच्या ट्रंकेत असते? घरात कष्ट दोघांचे आणि नाव एकाचेच असेल, तर त्यावर रात्री जेवताना दोघे मिळून बोला.