खाटेपासून ओट्यापर्यंत

“हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे,” असे निदान झाले की घरातील पहिली कृती ठरलेली असते. खाट पुढच्या खोलीत येते, पाण्याचा तांब्या उशाशी येतो आणि ‘आता तुम्ही उठायचे नाही’ असा प्रेमळ हुकूम सुटतो. धुळ्याजवळच्या एका खेड्यातील शेतकरी आजोबा असे तीन महिने झोपून होते. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “डागदर, आते पाय चालतस नही.” छातीत दुखत नव्हते, सूज उतरली होती, औषधे योग्य होती. थकली होती ती मांड्यांची ताकद.

यात दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. ‘संपूर्ण विश्रांती’ हे शब्द आम्ही फार सहज लिहिले. वास्तविक हृदयविकाराच्या रुग्णास अंथरुणाला न खिळवता खुर्चीत बसवावे, हे अमेरिकेतील लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी १९५२ मध्येच मांडले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांचे सुमारे एक किलो मांसल वजन घटले. मग आजारी माणसाचे काय होत असेल? उलट, पायांचे स्नायू सरावलेले असले की ते रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरतात आणि तेवढ्याच कामासाठी दुबळ्या हृदयावर कमी भार पडतो.

मात्र आरंभ आपल्या डॉक्टरांच्या संमतीनेच करावा. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर, झडप फार अरुंद असणे, अशा स्थितीत चालण्याची घाई नको.

आजोबांना आम्ही खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करण्यास सांगितले. नंतर खाटेपासून ओट्यापर्यंत, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे. दर आठवड्यास एक-दोन मिनिटांची वाढ. मोजमाप सोपे आहे: चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. तासाभराच्या विसाव्यानंतरही थकवा उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी थोडे कमी चालावे; पण अजिबात बंद करू नये. शक्ती वाचवणे हीदेखील कमाईच आहे. स्नान स्टुलावर बसून करावे, भाजी बसून निवडावी, जेवणानंतर लगेच चालू नये.

आपल्या खानदेशात उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा जळगावकरांनी मेहरूण तलावाची किंवा धुळेकरांनी पांझरेकाठची फेरी सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपावी. एरवी घरातल्या घरातच चालावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उकाड्यात चक्कर येऊ शकते. पाणी किती प्यावे आणि गोळीचा डोस बदलावा का, हे डॉक्टरांना विचारावे; मनाने ठरवू नये.

पथ्याविषयी थोडेसेच, कारण ते आपणांस ठाऊक आहे आणि तरीही शेवभाजी सुटत नाही! शेव, पापड, लोणचे यांतील मीठ शरीरात पाणी साठवते. जळगावचे केळे उत्तमच. पण मूत्रपिंड दुबळे असेल किंवा पोटॅशियम वाढविणारी औषधे चालू असतील, तर तेही विचारूनच खावे. रोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा उशी उंच केल्याशिवाय झोप लागेना, तर चालणे थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुनांना आणि मुलांना एक विनंती. तांब्या उशाशी ठेवू नका, माठाजवळच असू द्या. आजोबा पाण्यासाठी उठतील तेव्हा सोबत उभे राहा. हात मात्र त्यांनी मागितल्यावरच द्या. त्यांच्या सूनबाईंना हे जड गेले. “लोक काय म्हणतील?” असे त्यांनी मला दोनदा विचारले.

आजोबांचे पंपिंग अजूनही कमीच आहे. नांगर धरता येईल, अशी आशा मी त्यांना दाखविलेली नाही. गेल्या पोळ्याला मात्र बैलांना ओवाळण्यासाठी ते गोठ्यापर्यंत आपल्या पायांनी गेले. वाटेत कडुनिंबाखाली एकदाच बसले.