ॲपची चाचणी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाडीचे बंदर आणि घाटाकडे जाणारा रस्ता यांच्या योगाने ज्या पनवेलला पूर्वापार व्यापारी पेठेचे महत्त्व लाभले, त्या पनवेलचे नित्याचे व्यवहार आज मोबाइलमधील ॲपांवर किती विसंबून आहेत, हे निराळे सिद्ध करण्याची गरज नाही. लोकलचे तिकीट, विजेचे बिल, बँकेतील देवघेव, दवाखान्यातील वेळ, मुलांच्या शाळेची फी, यांपैकी बहुतेक कामांसाठी खिडकीसमोर रांगेत उभे राहण्याचा प्रघात मागे पडत चालला आहे. आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका लाभलेल्या, व २०२५ च्या अखेरीस ज्याच्या तालुक्याच्या हद्दीतून विमाने उडू लागली अशा या शहरात तो यापुढे अधिकच मागे पडेल. साहजिकच एखादे ॲप ऐन वेळी अडले, खात्यातून पैसे वजा झाले आणि तिकीट मात्र आले नाही, म्हणजे संतापलेला मनुष्य विचारतो की, हे लोकांच्या हाती देण्यापूर्वी कुणी तपासले होते की नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. परंतु त्याच्या मुळाशी सॉफ्टवेअरच्या चाचणीविषयी ज्या कल्पना असतात, त्यांपैकी कित्येक चुकीच्या आहेत, आणि म्हणूनच रास्त प्रश्नालाही समाधानकारक उत्तर मिळत नाही.

सर्वांत खोल रुजलेला समज असा की, चाचणी पुरी झाली म्हणजे ॲप निर्दोष ठरले. जणू चाचणी हा तहसील कचेरीतून शिक्क्यानिशी मिळणारा दाखलाच आहे. वस्तुस्थिती समजून घ्यावयास एक साधे गणित पुरेसे आहे. दोन पूर्णांकांची बेरीज करणारी, शाळकरी मुलालाही सुचेल अशी एक आज्ञावली घ्या. प्रत्येक संख्या ३२ बिटांची मानली, तर त्या दोन संख्यांच्या संभाव्य जोड्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ या आकड्यापुढे १८ शून्ये लिहावीत इतक्या भरतात. आणि एका सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारे यंत्र अहोरात्र चालू ठेवले, तरी सर्व जोड्या तपासून व्हावयास ५८० हून अधिक वर्षे लागतील. बेरजेची ही अवस्था, तर शेकडो पडदे आणि हजारो निर्णयस्थाने असलेल्या ॲपची गोष्ट बोलावयासच नको. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या शास्त्राचे नाव १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या ज्या परिषदेत रूढ झाले, तिच्या पुढच्याच वर्षी रोम येथे भरलेल्या परिषदेत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी हा मुद्दा निःसंदिग्धपणे मांडला होता: चाचणीने दोषाचे अस्तित्व सिद्ध करता येते, त्याचा अभाव सिद्ध करता येत नाही. १९७९ साली ग्लेनफर्ड मायर्स यांनी आपल्या पाठ्यग्रंथात त्याचाच व्यावहारिक निष्कर्ष काढला, की ॲप चालते हे दाखविण्यासाठी चाचणी करणारा मनुष्य नकळत सोप्याच वाटा निवडतो. म्हणून चुका हुडकून काढण्याच्या हेतूनेच चाचणी केली पाहिजे. चाचणी ही मूलतः तपासाची क्रिया आहे, आणि तपास कुठवर नेला हे विचारता येते, तो संपला काय हे विचारून उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल की, सारे तपासणे अशक्यच असेल, तर थोडे तपासले काय अन् अधिक तपासले काय, सारखेच. हाही तितकाच घातक गैरसमज होय. आणि तो दूर करणारे संशोधन मला या विषयातील सर्वांत सुंदर वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतील सॉफ्टवेअरचे बिघाड अभ्यासले, तेव्हा असे आढळले की, बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांच्या संयोगाने घडतात, तिहींच्या संयोगाने त्याहून थोडे, आणि सहांहून अधिक घटक एकत्र आल्याखेरीज प्रकटच होत नाही असा बिघाड त्यांच्या पाहणीत आढळला नाही. आता एखाद्या ॲपवर परिणाम करणाऱ्या, दोनच पर्याय असलेल्या दहा बाबी कल्पा: भाषा मराठी की इंग्रजी, जोडणी वायफायची की मोबाइल डेटाची, लोकेशन चालू की बंद, बॅटरी बचत चालू की बंद, इत्यादी. त्यांचे सर्व संयोग १०२४ होतात. परंतु कोणत्याही दोन बाबींची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जावी एवढीच अट ठेवली, तर नीट आखलेल्या अवघ्या ६ चाचण्या पुरतात. १०२४ च्या जागी ६! निवडीचे हे शास्त्र ज्याला अवगत आहे, त्याचा एक दिवस, ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या महिन्याहून अधिक फलदायी ठरतो.

आणखी एक समज ॲप बनविणाऱ्यांतच अधिक आढळतो: आमच्या फोनवर चालले, तेव्हा सर्वत्र चालेल. याच्या निरसनासाठी पनवेल स्थानकाइतके उत्तम उदाहरण शोधून सापडणार नाही. रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने २०१४ साली अनारक्षित तिकिटांसाठी 'यूटीएस' ॲप आणले, आणि पुढे त्यात एक मोठा मार्मिक नियम घातला. तिकीट तपासनीस दिसताच फलाटावरून घाईघाईने तिकीट काढणाऱ्याला आळा बसावा, म्हणून रुळांच्या व स्थानकाच्या निकट परिसरात मोबाइलवरून तिकीट निघू नये, आणि आवारात आलेल्या प्रवाशाने तेथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करूनच ते काढावे, अशी योजना करण्यात आली. नियम वाचताना सोपा वाटतो. परंतु त्याचा अंमल ज्या ज्ञानावर अवलंबून आहे ते, म्हणजे फोन नेमका कुठे आहे याचे ज्ञान, स्वतःच संदिग्ध असते. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलला उपग्रहांवरून आपले स्थान सुमारे ५ मीटरच्या अचूकतेने कळते. इमारती, पूल आणि छपरे आड आली की ती अचूकता ढळते. पनवेलात रुळांच्या एका अंगाला जुने शहर आणि दुसऱ्या अंगाला नवीन पनवेल अशी वस्ती आहे, लोकलचे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट एकाच आवारात आहेत, आणि स्थानकाकडे येणारा मनुष्य चालता चालताच बटण दाबतो. अशा ठिकाणी घरात बसलेला गृहस्थ ॲपला स्थानकात भासू शकतो, आणि स्थानकात शिरलेला बाहेर. या नियमाची परीक्षा करावयाची, तर दूरच्या शहरातील वातानुकूलित दालनात, टेबलावर ठेवलेल्या फोनला खोटे अक्षांश-रेखांश पुरवून भागत नाही. ते अवश्य करावे, पण त्यानंतर पावसाळ्यातल्या गर्दीच्या वेळी, स्वस्त फोन हाती घेऊन, त्या जागी पायी फिरावे लागते.

स्वस्त फोन असे मी मुद्दाम म्हणतो. ओपनसिग्नल या कंपनीने २०१५ साली केलेल्या मोजणीत अँड्रॉइडवर चालणारी २४,०९३ निरनिराळी उपकरणे आढळली होती. पडद्याचा आकार, स्मृती, प्रणालीची आवृत्ती आणि उत्पादकाने केलेले फेरफार यांत ही सारी एकमेकांहून भिन्न. त्यात आपल्या लिपीचा प्रश्न निराळाच आहे. 'श्रीकृष्ण' हे नाव आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. परंतु युनिकोडमध्ये ते ९ चिन्हांचे असते आणि साठवणुकीच्या सर्वप्रचलित पद्धतीत २७ बाइट व्यापते. नावासाठी २० बाइटांची मर्यादा ठेवणाऱ्या ॲपमध्ये रोमन लिपीतले लांबलचक नाव बिनबोभाट शिरते आणि हे तीन अक्षरी नाव मध्येच तुटते. 'ऱ्य' हे जोडाक्षर हिंदीला लागतच नाही, त्यामुळे केवळ हिंदीवर पारखलेला टंक मराठी मजकुरात कुठे अडखळेल हे मराठी वाचणाऱ्यालाच दिसते. माझे स्पष्ट मत आहे की, महाराष्ट्रातील जनतेसाठी म्हणून जे ॲप काढले जाते, त्याच्या कंत्राटातच मराठी मजकुराच्या चाचणीची अट घातली गेली पाहिजे.

ही चाचणी करावी कुणी, यासंबंधीची समजूत तर मला विशेष क्लेशदायक वाटते. नवीन पनवेल, खारघर, कामोठे या भागांतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या घरांत असे सर्रास मानले जाते की, बुद्धिमान मुलाला 'डेव्हलपमेंट' मिळते आणि ज्याला ते जमत नाही त्याला 'टेस्टिंग' वर पाठवितात. घाट चढून पुण्याला हडपसरपर्यंत गेले, तर या समजुतीचा प्रतिवाद साक्षात उभा दिसतो. टाटा उद्योगसमूहाने फ. चं. कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली स्थापन केलेल्या टाटा संशोधन, विकास व रचना केंद्रात सॉफ्टवेअरच्या शुद्धतेवर कित्येक वर्षे मूलभूत संशोधन झाले आहे. आज्ञावली न चालविता केवळ तिच्या मजकुराच्या विश्लेषणाने दोष शोधणारी साधने तेथे घडविण्यात आली, आणि तेथल्या 'व्हेरीॲब्स' या साधनाने सॉफ्टवेअर-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात पहिले स्थान मिळविले. तर्कशास्त्र, संचयशास्त्र आणि मनुष्यस्वभावाचे ज्ञान या तिन्हींची जिथे गरज लागते, ते काम कमी प्रतीचे कसे?

सारे काम आता यंत्रच करील, ही आशाही तपासून घेतली पाहिजे. यंत्राची कामगिरी खरोखर विस्मयकारक आहे. अँड्रॉइडबरोबर 'मंकी' नावाचे एक साधन येते. ते कसलाही विचार न करता पडद्यावर वाटेल तिथे बोटे मारल्यासारख्या क्रिया करीत राहते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठातील शौविक रॉय चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, मोठ्या बुद्धिकौशल्याने रचलेली बहुतेक साधने या अविचारी साधनाच्या मागे पडली. पण मंकीला ॲप बंद पडलेले कळते. भाडे चुकीचे आकारले गेले, हे कळत नाही. अपेक्षित काय होते हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. व्यवस्थापकांना प्रिय असलेला एक आकडा म्हणजे 'कव्हरेज', अर्थात आज्ञावलीच्या किती ओळी चाचणीत चालविल्या गेल्या याचे शेकडा प्रमाण. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स यांनी २०१४ साली जावा या संगणकभाषेतील ५ मोठ्या प्रणाल्यांवर ३१,००० चाचणीसंच चालवून दाखविले की, संचांचा आकार सारखा ठेवला असता कव्हरेज आणि दोष पकडण्याची शक्ती यांचा संबंध फार दृढ राहत नाही. ओळ चालली, पण तिचे उत्तर बरोबर आले काय हे पाहिलेच नाही, असे होऊ शकते. शिवाय काही स्वयंचलित चाचण्या एकाच आज्ञावलीवर आज उत्तीर्ण होतात आणि उद्या अनुत्तीर्ण. गूगलने २०१६ साली आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत ही लहर थोडीफार आढळते असे जाहीर केले होते.

चाचणीची साधनेच कधी बिघाडाला कारण होतात. नव्या विमानतळाच्या शेजाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी उघडले, आणि पहिल्या काही दिवसांत ५०० हून अधिक उड्डाणे रद्द होऊन सुमारे ४२,००० सामाननग आपल्या मालकांबरोबर जाऊ शकले नाहीत. कारणे अनेक होती. त्यांपैकी एक असे की, चाचणीच्या काळात बनावट संदेश खऱ्या व्यवस्थेत शिरू नयेत म्हणून बसविलेली गाळणी उद्घाटनानंतरही तशीच राहिली, आणि तिने इतर विमान कंपन्यांकडून येणारे सामानाविषयीचे खरे संदेश अडवून धरले.

गैरसमज केवळ सामान्य जनांचे असतात असेही नाही. उशिरा सापडलेला दोष दुरुस्त करण्यास शंभरपट खर्च येतो, हे वाक्य कित्येक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत सिद्धांतासारखे वावरत आले आहे. टिम मेन्झीस आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१४ या काळातील १७१ प्रकल्पांची दफ्तरे तपासली, तेव्हा त्यांत अशा वाढीचा सर्वसाधारण पुरावा मिळाला नाही. दोष लवकर शोधावेत यात वाद नाही; पण त्यासाठी तो आकडा पुढे करू नये.

राहिला प्रश्न वापरकर्त्याचा. आपल्या तक्रारीला कोण विचारतो, असे पुष्कळांना वाटते, आणि मग ते एक तारा देऊन दोन कडवट शब्द लिहून मोकळे होतात. हम्माद खालिद आणि सहकाऱ्यांनी आयफोनवरील २० ॲपांखालचे ६,३९० प्रतिकूल अभिप्राय वाचून तक्रारींचे १२ प्रकार पाडले. काम नीट न होणे, हवी ती सोय नसणे आणि ॲप मध्येच बंद पडणे हे सर्वांत अधिक आढळणारे, तर खाजगी माहितीचा भंग आणि छुपा खर्च हे सर्वांत अधिक रोष ओढवणारे. म्हणजे अभिप्राय वाचले जातात, संशोधनाचा विषयही होतात. अडचण निराळीच आहे. निकोलस बेटेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांत चौकशी केली, तेव्हा दिसून आले की, दोष पुन्हा घडवून आणण्याचा क्रम आज्ञावलीकारांना सर्वांत उपयुक्त वाटतो, आणि नेमका तोच देणे तक्रारदारांना कठीण जाते. 'ॲप चालत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही. फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, खांदेश्वर स्थानक सोडल्यावर किती वाजता, मोबाइल डेटावर, आधी कोणते बटण दाबले, मग कोणते, आणि पडद्यावर शब्दशः काय उमटले, इतके लिहिले, तर त्या मजकुरातून पुन्हा चालविता येईल अशी एक चाचणी तयार होते. आणि दोष दुरुस्त झाल्यावरही ती पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर चालविली जाते.