सुरतेच्या संगणकातली तापी

शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर कडेने तापी वाहते. पलीकडच्या काठावर शिरपूर. मुडावदला पांझरा तिला येऊन मिळते, सुलवाड्याच्या बॅरेजला पाणी जरा थबकतं आणि पुढे सारंगखेडा, प्रकाशा करत ते सुरतेच्या वरच्या अंगाच्या उकाई धरणाच्या जलाशयात उतरतं. माणसंही त्याच दिशेने गेली. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या गाडीत शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबारहून बसलेली कुटुंबं सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात स्थिरावली. तिथल्या यंत्रमागांवर आजही अहिराणी कानावर पडते. म्हणून सुरतेच्या पुराचा अभ्यास कोण करतं, हा खान्देशाच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

तो अभ्यास नेटाने करणारी एक संस्था सुरतेतच, इच्छानाथ भागात आहे. 1961 साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून निघालेली ही संस्था 2002 मध्ये सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली. तिच्या स्थापत्य विभागात रस्ते-वाहतुकीचंही संशोधन चालतं; पण या विभागाचं मोठं काम तापीवरचं, असं मला वाटतं.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. दिवस नारळी पौर्णिमेच्या तोंडावरचे, म्हणजे समुद्राला उधाण. मुखाशी भरतीचं पाणी फुगलेलं असलं की नदीचं पाणी सुखासुखी ओसरत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे इथे नदीचं शास्त्र आणि किनाऱ्याचं शास्त्र वेगळं ठेवून चालत नाही.

या पुराचं मूळ मात्र वर आहे. तापीचं खोरं 65,145 चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला सुमारे 79 टक्के भाग महाराष्ट्रात. नदी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टेही बरेचदा त्याच दिशेने सरकतात. पाऊस जणू पुराच्या पाठोपाठ चालतो. वरून आलेल्या लोंढ्यात वाटेतल्या उपनद्यांचं पाणी ऐन वेळी मिसळतं. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि भूगोलतज्ज्ञ प्रमोद हिरे यांनी तापीच्या पुरांवर फार मोलाचं काम केलं आहे. मोठे पूर नदीचं पात्र कसं घडवतात, हे त्यांनी याच नदीवर तपासलं.

सुरतेच्या संस्थेतले टिंबाडिया, पटेल आणि पोरे यांचं 2011 सालचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. नदीचे जागोजागी आडवे छेद घ्यायचे, वरच्या टोकाला उकाईचा विसर्ग द्यायचा, खालच्या टोकाला पाण्याची पातळी. मग एकच आकडा हातात उरतो: पात्राचा खडबडीतपणा. वाळू, खडक, झुडपं पाण्याला किती अडवतात, हे सांगणारा हा आकडा फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून होऊन गेलेला पूर संगणकात पुन्हा आणायचा. आकडा वाढवला की पाणी संथ होऊन चढतं, कमी केला की वेगाने निघून जातं. गणितातली पातळी प्रत्यक्ष नोंदीशी जुळेपर्यंत तो बदलत राहायचा. त्यांनी 1998 आणि 2003 च्या पुरांवर तो बसवला आणि 2006 च्या पुरावर पारखून घेतला. माहीत असलेल्या संकटावर गणित आधी सिद्ध करायचं आणि मगच पुढच्याबद्दल बोलायचं, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

उपग्रहाच्या नकाशांनी हे काम सोपं केलं, पण पुरतं नाही. 2000 साली अंतराळयानातून मोजलेली जमिनीची उंची आज कुणालाही फुकट मिळते. तिच्यात काही मीटरची चूक मात्र असू शकते. सुरतेसारख्या सपाट शहरात एक मीटर म्हणजे तळमजला बुडाला की वाचला एवढा फरक. तिथे जमिनीवर उतरून, यंत्र लावून पातळी घेण्याला पर्याय नाही.

तसाच काठावरच्या नोंदीलाही पर्याय नाही. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं तापीवर गिधाडे, सारंगखेडा इथे आहेत. पावसाळ्यात तिथला माणूस रात्रीही मोजपट्टीवरची पातळी वाचतो, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहितो आणि पुढे कळवतो. उकाईत किती पाणी येणार, याचा अंदाज अशा नोंदींवर उभा असतो.

माझी तक्रार एकच. या सगळ्या गणितात खान्देश म्हणजे वरून येणारं पाणी, केवळ एक आकडा. पण पूर इथेही येतो. रस्त्याचा आणि रुळाचा भराव पुराला बांधासारखाच आडवा येतो, आणि पांझरा, बुराई या नद्यांवरच्या पुलांच्या मोऱ्यांतून किती पाणी निघेल, यावर काठची गावं अवलंबून असतात. मुडावद ते सुलवाडे एवढ्या पट्ट्यासाठी तरी तसंच गणित मांडलं जावं. बॅरेजचे दरवाजे किती उघडे होते याची नोंद, पुलांची मापं आणि गावोगावच्या पूररेषा, एवढं गोळा करणं धुळे-शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं आहे. पांझरेच्या पाण्याची मोजणी तर धुळ्याजवळ मोराणे इथे होतेच.