आपलं आपण – लेखांक ६ : आधी कोणता हात?

मागच्या आठवड्यात आंघोळ झाली. आता कपडे. बहुतेक घरांत गाडी अडते ती इथेच, कारण सकाळी कुणालाच वेळ नसतो. रिक्षा दारात हॉर्न वाजवते आणि आई मुलाच्या डोक्यातून शर्ट उतरवून मोकळी होते.

अर्धांगवायू झालेल्या माणसासाठी नियम सोपा आहे : घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला. अधू हात मागे वळत नाही, म्हणून सदरा पूर्ण मोकळा असतानाच तो बाहीत जायला हवा. चांगला हात आधी घातला, की कापड पाठीवर ताणलं जातं आणि अधू हात कोंबावा लागतो. त्या बाजूचा खांदा अनेकदा सैल पडलेला असतो, त्यामुळे हात धरून ओढणं तर मुळीच नको. सदरा मांडीवर पसरावा, बाही चांगल्या हाताने अधू खांद्यापर्यंत चढवावी, मगच बाकीचा सदरा पाठीमागून फिरवून घ्यावा. पायजम्यालाही हाच क्रम. हे सगळं बसून, हातांच्या खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

गतिमंद मुलांना आधी कपडे काढायला शिकवावं. ते सोपं असतं. घालायला शिकवताना सुरुवात शेवटून करावी. चड्डी आपण मांड्यांपर्यंत चढवायची आणि कमरेपर्यंत ओढायचं काम मुलाला द्यायचं. ते जमलं की गुडघ्यांपासून, मग पावलांपासून. असं केलं की काम दरवेळी मुलाच्याच हातून पुरं होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल मध्येच अडकतं आणि उरलेलं आई उरकते. सराव मात्र संध्याकाळी करावा, शाळेच्या घाईत नाही.

अर्धं काम शिंप्याकडचं आहे. नाडीऐवजी इलास्टिक, ब्लाउजचे हूक पुढे, झिपला किल्ल्यांची रिंग, मागची बाजू कळावी म्हणून गळ्याला आतून लाल धागा. बटणं दिसायला तशीच ठेवून खाली वेल्क्रो लावता येतो. धुताना तो मिटवून ठेवा, नाहीतर दोरे धरतो. स्वमग्न मुलांना गळ्यामागचं लेबल अनेकदा सहन होत नाही, ते उसवून टाका. आणि आजींना गाऊन नको, साडीच हवी असेल तर तो हट्ट नव्हे. निऱ्या शिवून कमरेला वेल्क्रो लावलेली साडी कुठलाही बरा शिंपी करून देईल.

रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारी बार्थेल नावाची श्रेणी १९६५ पासून वापरात आहे. तिच्यात कपड्यांना १० गुण आहेत. निम्मं काम स्वतः केलं तरी ५ मिळतात. घरच्यांनीही तेवढं उदार व्हायला हरकत नाही.

खांदा दुखत असेल किंवा तोल जात असेल तर घरगुती प्रयोग थांबवून ऑक्युपेशनल थेरपिस्टला गाठा. या शास्त्राचं आशियातलं पहिलं विद्यालय कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. आज अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो; केसपेपर काढताना नावानिशी विचारा.