अबोली आत घ्या, पण तांब्या आवरा



निफाडकडची थंडी आपल्याला नवी नाही. पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. दारातल्या फुलझाडांकडे मात्र तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. आमच्या बचत गटाचंही नव्हतं. विकायला म्हणून आम्ही अबोलीची रोपं पिशव्यांत केली होती. डिसेंबरातल्या दोन रात्रींत बाहेरची रोपं काळवंडली. उरलेली घाईघाईनं पडवीत आणली, आणि त्यातली निम्मी आम्हीच मारली.

झालं असं, की पानं पिवळी पडून गळायला लागली. आम्हाला वाटलं, तहानली असतील. मग जाता-येता जी ती तांब्याभर पाणी घालायची, दुसरीनं घातलं नसेल म्हणून! पण थंडीत झाडाची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. त्यात घरात ऊन-वारा नाही, म्हणजे माती वाळतच नाही. रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, बोटानं साल सुटत होती.

तेव्हापासून आम्ही मातीत दोन पेरं बोट घालून बघतो. ओल लागली तर पाणी नाही, पानं गळाली तरी नाही. कोरडं लागलं तर सकाळी ऊन वर आल्यावर थोडंसं, पानांवर न शिंपडता. पिशवीच्या तळाची भोकं मोकळी हवीत. खत या दिवसांत देतच नाही.

जागा उजेडाची हवी, पूर्वेची खिडकी उत्तम. ऊब मिळेल म्हणून चुलीजवळ ठेवू नका. धुरानं आणि कोरड्या झळेनं पानं करपतात. आत आणलेल्या झाडांवर पिठ्या ढेकूण लवकर येतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढा.

सगळंच आत आणायला घरात जागा कुठली? अबोली, जास्वंदीची लहान रोपं आणि नवी कलमं एवढीच आणा. मोगरा बाहेरच राहू द्या. थंडीत त्याला विसावा लागतो. पाणी कमी करून छाटला की उन्हाळ्यात भरभरून फुलतो. शेवंती आणि गुलाबाला तर ही थंडी मानवते.

जमिनीत लावलेल्या अबोलीवर चार काठ्या रोवून जुनं लुगडं टाका, तेही दिवस मावळायच्या आधी. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब त्याखाली टिकते. सकाळी काढायला विसरू नका. प्लास्टिक टाकलंत तर पानांना टेकू देऊ नका.

थंडी ओसरली की आतली रोपं एकदम उन्हात नेऊ नका. आठवडाभर फक्त कोवळ्या उन्हात ठेवा, मग अंगणात.

यंदा आमच्या पडवीत चाळीस पिशव्या आहेत. पाणी घालायचं काम एकीकडेच दिलंय, आणि तांब्या तिनं घरी नेऊन ठेवलाय.